जुन्या मोटारीचें एक छुपें दुखणें

घरांतील एखादें वडील माणूस आजारी पडलें म्हणजे शहाण्या कुटुंबांत प्रथम औषध शोधीत नाहींत; प्रथम रोग शोधतात. औषध चुकलें तर थोडा पैसा जातो. परंतु रोग ओळखण्यांतच चूक झाली तर पैसा जाऊन रोग मात्र घरांत राहतो. माधवकराचा ‘माधवनिदान’ हा प्रसिद्ध ग्रंथ रोग कसे ओळखावेत एवढेंच सांगतो. त्यांत औषधोपचार नाहींत. ग्रंथकारास औषधांची किंमत ठाऊक नव्हती असें नव्हे. पण निदान हें चिकित्सेच्या आधींचें आणि तिच्याइतकेंच कठीण काम आहे, हें त्यानें जाणलें होतें. आमच्या मतें हा न्याय माणसाप्रमाणें यंत्रासही लागू आहे.

हल्लीं मध्यम स्थितींतील पुष्कळ कुटुंबांत मोटार असते, आणि बऱ्याच घरीं ती जुनी असते. वडिलांनीं निवृत्तीच्या पैशांतून ती घेतलेली असते. मुलें तींतूनच परीक्षेस गेलेलीं असतात. नवी सून तींतूनच उंबरठ्यापर्यंत आलेली असते. ती विकावी असें बुद्धि सांगते, पण मन घेत नाहीं. अशा गाडीस होणाऱ्या एका दुखण्याविषयीं आज चार शब्द लिहावयाचे योजिले आहेत. हें दुखणें डोळ्यांस दिसत नाहीं, कारण तें डॅशबोर्डाच्या पोटांत दडलेलें असतें. तें फार वेळां दुसऱ्याच रोगाच्या नांवावर खपतें. आणि त्याकडे दुर्लक्ष केलें तर घाटांत इंजिन निकामी होण्यापासून लहान मुलाच्या जिवावर बेतण्यापर्यंत त्याची मजल जाऊं शकते. हें दुखणें म्हणजे हीटर कॉइलची गळती.

हें यंत्र आहे तरी काय?

इंजिनांत पेट्रोल वा डिझेल जळून जी उष्णता निघते, ती सर्वच चाकें फिरविण्याच्या कामीं येत नाहीं. तींतील सुमारें एकतृतीयांश भाग इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्यांत उतरतो. तें तापलेलें पाणी पंपाच्या जोरानें पुढील रेडिएटरांत जातें, तेथें वाऱ्यानें निवतें व पुनः इंजिनाकडे येतें. याच पाण्याची एक लहान शाखा दोन रबरी नळ्यांवाटे इंजिन व बैठकीची जागा यांमधील पत्र्याच्या पडद्यांतून आरपार जाते, आणि डॅशबोर्डाच्या मागें बसविलेल्या एका छोट्या रेडिएटरास मिळते. इंग्रजी पुस्तकांत यास ‘हीटर कोअर’ असें नांव आहे. आपले मेकॅनिक ‘हीटर कॉइल’ म्हणतात, व आम्हीही तोच शब्द वापरूं. ब्लोअरचा वारा या तापलेल्या जाळींतून गेला कीं ऊन होऊन आपल्या पायांवर व पुढील काचेवर येतो. थंड देशांत ही सोय जिवाभावाची. आपल्याकडे नाशिक-महाबळेश्वराकडील हिंवाळ्याच्या पहांटे, किंवा पावसांत काचेवर धरलेली वाफ घालविण्यापुरतीच तिची आठवण होते.

येथें कोणी विचारील कीं, “आम्ही वर्षानुवर्षें हीटर लावलेलाच नाहीं, मग तो गळेल कसा?” शंका रास्त आहे, तिचें उत्तर गाडीच्या रचनेंत आहे. कांहीं गाड्यांत हीटरकडे जाणाऱ्या नळीवर एक कॉक असतो; तो बंद असतां कॉइलमध्यें पाणी वाहत नाहीं. परंतु पुष्कळ गाड्यांत असा कॉक नसतोच. त्यांत ऊन पाणी कॉइलमधून अष्टौप्रहर वाहत असतें. आपण बटन फिरवितों तेव्हां केवळ एक झडप हालते व वारा कॉइलवरून जावा कीं तिला वगळून जावा एवढेंच ठरतें. म्हणजे हीटर न वापरणाऱ्याची कॉइलही वापरणाऱ्याच्या कॉइलइतकीच झिजते. उलट, न वापरणाऱ्यास तिच्या दुखण्याची चाहूल उशिरां लागते, एवढाच काय तो फरक.

शिवाय ज्यास आपण पाणी म्हणतों तें नुसतें पाणी नसावयाचें. त्यांत एथिलिन ग्लायकॉल नांवाचा द्रव बहुधा निम्म्यानें मिसळलेला असतो, व या मिश्रणास सर्वत्र कुलंट म्हणतात. पाणी शून्य अंशास गोठतें. हें निम्मेंनिम मिश्रण उणे ३७ अंश सेल्सियसच्या सुमारास गोठतें. आपल्या हवेंत गोठण्याची भीति नाहीं हें खरें; पण तें साध्या पाण्यापेक्षां उशिरां उकळतें, आणि त्यांत धातूस गंज चढूं न देणारीं द्रव्यें घातलेलीं असतात. आमच्या विषयाच्या दृष्टीनें हीं द्रव्येंच महत्त्वाचीं आहेत.

रोगाचीं कारणें

आयुर्वेदांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत : निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ति. मोटारीच्या या दुखण्यास हीं पांचही चांगलीं लागू पडतात असें आम्हांस आढळून आलें आहे.

प्रथम कारण. कुलंटमधील गंजरोधक द्रव्यें कायम टिकत नाहींत. वर्षें जातात तशीं तीं खर्ची पडतात. रंग हिरवागार दिसतो म्हणून कुलंट चांगलें आहे असें समजणें व्यर्थ आहे. रंग राहतो, गुण जातो. त्यांत पातळी कमी झाली कीं विहिरीचें वा नळाचें पाणी ओतण्याची आपल्याकडे फार संवय. त्या पाण्यांतील क्षार कॉइलच्या बारीक नळ्यांत पुटें धरतात, आणि क्लोराइड धातूस खातात. जुन्या कॉइली तांब्यापितळेच्या व डाख दिलेल्या असत. पुढें अॅल्युमिनियमच्या जाळीस प्लास्टिकच्या टांक्या जोडूं लागले. पहिल्या प्रकारांत डाख सुटतो, दुसऱ्यांत धातूस सुईच्या अग्राएवढीं भोकें पडतात किंवा प्लास्टिकचा सांधा ढिला होतो.

आतां संप्राप्ति, म्हणजे रोग अंगांत कसा पसरतो तें. रेडिएटरचें झांकण हें नुसतें झांकण नव्हे. पाणी तापून फुगलें कीं सुमारें १ बार, म्हणजे दर चौरस इंचास १५ पौंडांच्या आसपास, दाब तें आंत कोंडून धरतें. या दाबामुळें साध्या पाण्याचाही उत्कलनबिंदु १०० वरून १२० अंशांपर्यंत चढतो. परंतु तोच दाब कॉइलच्या बारीक भोकांतून कुलंटचे तुषार बाहेर फेंकतो. गाडी थंड असतां भोंक मुकें असतें. गाडी तापली म्हणजे तें बोलूं लागतें. म्हणूनच कित्येकदां गाडी गॅरेजांत उभी असतां कांहींच आढळत नाहीं, आणि घरीं परततांना वास पुनः सुरू होतो.

पूर्वरूप आणि रूप

पहिलें चिन्ह बहुधा नाकास कळतें. गाडींत बसतांच एक गोडसर, किंचित् उग्र असा वास येतो. हीटर लावला कीं तो वाढतो. दुसरें चिन्ह काचेवर. पुढील काचेच्या आंतल्या बाजूस धुकें धरतें. पण साध्या वाफेप्रमाणें तें फडक्यानें निघत नाहीं, पुसूं जावें तों तेलकट ओघळ मात्र उमटतात. रात्रीं समोरून येणाऱ्या दिव्यांच्या उजेडांत या थरामुळें रस्ता दिसेनासा होतो; म्हणून हें चिन्ह केवळ गैरसोयीचें नव्हे, धोक्याचें आहे.

रोग वाढला म्हणजे रूप प्रकट होतें. पुढील बैठकीच्या पायांपाशीं, बहुधा चालकाशेजारच्या बाजूस, गालिचा ओलसर व चिकट लागतो. बॉनेटखालील कुलंटच्या बाटलींत पातळी आठवड्यागणिक उतरते, आणि गाडीखालीं जमिनीवर मात्र थेंबही आढळत नाहीं. कॉइलमध्यें हवा शिरल्यामुळें डॅशबोर्डामागें पाणी खळखळल्याचा आवाज होतो, आणि हीटरचा वारा ऊन येण्याऐवजीं गार येऊं लागतो. शेवटीं इंजिनाच्या उष्णतेचा कांटा वर चढतो. हें शेवटचें चिन्ह दिसल्यावर गाडी तशीच दामटणें म्हणजे ताप चढलेल्या माणसास शेतावर पाठविण्यासारखें आहे. इंजिनाचें हेड वांकडें होण्यास मग वेळ लागत नाहीं.

सोंग घेणारे रोग

येथवर सांगितलेलें एकेक चिन्ह दुसऱ्या कारणानेंही उद्भवतें, आणि खरी गफलत होते ती येथेंच. न्यायशास्त्रांत ज्यास सव्यभिचार हेतु म्हणतात, म्हणजे साध्य असतांही राहणारा व नसतांही राहणारा, तो धरून अनुमान केलें कीं तें फसलेंच म्हणून समजावें. ओला गालिचा हा असाच हेतु आहे.

गालिचा ओला दिसला कीं तीन संशयित उभे करावे. पहिला एअरकंडिशनर. हवेंतील दंव कूलिंग कॉइलवर जमून तें पाणी एका लहान नळीनें गाडीखालीं ठिबकतें; ती नळी कचऱ्यानें तुंबली म्हणजे तेंच पाणी आंत उलटतें. दुसरा पाऊस. काचेचें रबर सुटलें, किंवा काचेखालील पन्हळींत पाला साचला, म्हणजे पाणी नेमकें त्याच जागीं उतरतें. तिसरी आपली हीटर कॉइल. या तिघांस वेगळें करणें मुळींच कठीण नाहीं. एअरकंडिशनरचें व पावसाचें पाणी निर्गंध, पातळ असतें व वाळून जातें. कुलंट बोटांमध्यें चोळलें असतां बुळबुळीत लागतें, लौकर वाळत नाहीं, आणि पांढऱ्या कागदानें टिपलें कीं हिरवा, गुलाबी किंवा निळा रंग उमटतो. एअरकंडिशनर आठ दिवस बंद ठेवावा. गाडी आठ दिवस छपराखालीं ठेवावी. तरीही ओल येत राहिली तर पहिले दोन संशयित सुटले. चाखून मात्र कोणींही पाहूं नये. त्याचें कारण पुढें येईल.

पाणी कमी होण्याचें चिन्हही असेंच फसवें आहे. रेडिएटर, वॉटर पंप, रबरी नळ्या यांतून गळती असेल तर बाहेर डाग दिसतात. हेड गॅस्केट गेलें असेल तर पाणी इंजिनांतच जळतें. मग सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघत राहतो, रेडिएटरमध्यें बुडबुडे येतात, इंजिनाचें तेल दुधाळ होतें. हीं लक्षणें नसतां केवळ पाणी नाहींसें होतें म्हणून हेड गॅस्केटवर आळ घेणें अन्याय होय.

परीक्षा कशी करावी

आमच्या धाकट्या बंधूंच्या साताऱ्याच्या घरीं घडलेली एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. त्यांची गाडी वीस वर्षांवरची. आमच्या मातोश्रींस उपचारासाठीं दर पंधरवड्यास पुण्यास न्यावें लागे, आणि परततांना खंबाटकी घाटाची चढण लागे. तेथें कांटा वर चढूं लागला. एका गॅरेजांत दाखविलें तेव्हां, “हेड गॅस्केट गेलें आहे, इंजिन उघडावें लागेल,” असें सांगून जी रक्कम काढून दिली, ती गाडीच्या विक्रीच्या किंमतीस जाऊन भिडणारी होती. घरांत दोन पक्ष पडले. पुतण्या म्हणाला, “बाबा, आतां ही विकून टाकूं.” बंधु कांहींच बोलेनात, नवी गाडी घेण्याजोगी शिल्लक नव्हती, आणि मातोश्रींस बसची दगदग सोसणारी नव्हती.

आम्ही गेलों असतां आमच्या भावजय सहज म्हणाल्या, “भाऊजी, दोन महिने झाले, गाडींत बसलें कीं कोणी पाक कढवीत असल्यासारखा वास येतो. मीं सांगितलें, पण कोणीं मनावर घेतलें नाहीं.” स्वयंपाकघरांत आयुष्य काढलेल्या बाईच्या नाकाची साक्ष आम्हांस कांट्याच्या साक्षीपेक्षां मोलाची वाटली. आम्हीं पुतण्यास सांगितलें कीं, विकावयाची असेल तर विका, पण आधीं रोग कोणता तें ठरूं द्या.

पहिल्या दिवशीं सकाळीं इंजिन पूर्ण थंड असतां कुलंटच्या बाटलीवर पातळीशीं पेन्सिलीची रेघ ओढली, व आंतील काच साबणानें स्वच्छ धुतली. रोज सकाळीं त्याच वेळीं पातळी पाहण्याचें काम नातीकडे दिलें. तिनें वहींत तारीखवार टिपून ठेवलें. पांच दिवसांत पातळी बोटभर उतरली. काचेवर तेलकट थर पुनः आला. तेल स्वच्छ होतें, सायलेन्सर कोरडा होता.

सहाव्या दिवशीं दुसऱ्या एका मेकॅनिककडे दाबाची परीक्षा करविली. या परीक्षेचें साधन सायकलच्या हातपंपासारखें असून त्यास दाबाचा कांटा जोडलेला असतो. इंजिन थंड असतां रेडिएटरचें झांकण काढून तें तेथें बसवितात, आणि झांकणावर लिहिलेला असतो तितकाच दाब हातानें भरतात. अधिक भरल्यास चांगल्या नळ्याही फुटतात. मग दहा-पंधरा मिनिटें कांटा पाहत बसावयाचें. या गाडीचा कांटा हळूहळू खालीं आला. बाहेर कोठेंही थेंब नव्हता. नंतर त्यानें हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या इंजिनाच्या बाजूस चिमट्यांनीं दाबून बंद केल्या व दाब पुनः भरला. कांटा जागचा हालला नाहीं. चिमटे काढले, कांटा पुनः उतरूं लागला.

यास आमच्या जुन्या शास्त्रकारांनीं अन्वय-व्यतिरेक म्हटलें आहे : कॉइल जोडलेली असतां गळती, कॉइल तोडली असतां गळती नाहीं. हेड गॅस्केट दोषी असतें तर चिमटे लावूनही कांटा पडला असता. इंजिन उघडण्याचा विषय तेथेंच संपला. मात्र एक सूक्ष्म भेद राहतो. चिमट्यांच्या पलीकडे नळीचा सांधा व असल्यास कॉकही येतो. पत्र्याच्या पडद्याशीं नळीची क्लिप सैल असली तर तेथील थेंबही आंत वाहूं शकतो. म्हणून कॉइल काढण्यापूर्वीं त्या सांध्यांस हात लावून पाहावें. चार पैशांची क्लिप आवळून काम भागत असेल तर डॅशबोर्ड कशाला उचकटावा? संशय राहिलाच तर कुलंटमध्यें टाकण्याचा एक रंग मिळतो. जंबुपार दिव्याच्या उजेडांत तो झळकतो व गळतीची नेमकी जागा दाखवितो. जुन्या नळ्या कडक झालेल्या असल्यास चिमटाही बेतानें लावावा, नाहीं तर परीक्षेंतच नळी चिरते.

उपशय

औषध देऊन रोग ओळखण्याच्या रीतीस उपशय म्हणतात. येथें ती अशी : कॉइलच्या दोन्ही नळ्या सोडवून एकमेकींस जोडून द्याव्या, म्हणजे पाणी कॉइलला वगळून परस्पर फिरतें. तोंडें बुचानें बंद करूं नयेत. कांहीं इंजिनांत हाच फेरा पाण्याच्या एकंदर अभिसरणाचा भाग असतो. मग आठ दिवस गाडी चालवावी. वास गेला, पातळी स्थिर राहिली, काच स्वच्छ राहिली, म्हणजे निदान पक्कें झालें.

बंधूंच्या घरीं कॉइल मिळेपर्यंत दोन आठवडे गाडी अशीच चालली, आणि मातोश्रींची पुण्याची फेरी चुकली नाहीं. नातीच्या वहींत त्या दोन आठवड्यांत एकच आंकडा पुनःपुनः लिहिलेला होता. पुढें नवी कॉइल बसली, आणि इंजिन उघडण्यास जी रक्कम सांगितली होती तिच्या लहानशा अंशांत काम झालें. गाडी अद्याप त्यांच्या दारीं आहे.

आपल्या हवेंत पुष्कळ लोक कायमच अशी जोडणी करून ठेवतात. त्यास आमची हरकत नाहीं. पण दोन गोष्टी लक्षांत असाव्या. पावसांत काचेवरील वाफ ऊन वाऱ्यानें घालविण्याची सोय जाते. आणि घाटांत इंजिन तापूं लागल्यास हीटर पूर्ण उघडून कांहीं उष्णता बाहेर काढण्याची जी जुनी युक्ति आहे, तीही जाते. कारण कॉइल हा एक दुसरा छोटा रेडिएटरच असतो.

उपचार

कांहीं जुन्या गाड्यांत पुढील कप्पा काढला कीं कॉइल तास-दोन तासांत निघते. कांहींत सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागून दिवस जातो. तेव्हां मजुरी विचारतांना आपल्या गाडींत कॉइल कोठून निघते हें आधीं विचारावें. गळती बुजविणारीं चूर्णें व द्रव बाजारांत मिळतात. वाटेंत अडलेल्यास तीं एखादे वेळीं घरापर्यंत पोंचवितात. पण जें भोंक बुजवितें तें बारीक नळीही बुजवितें, म्हणून तीं कायमचें औषध समजूं नये. डॅशबोर्ड उघडलाच आहे तर दोन्ही नळ्या व क्लिपाही बदलून घ्याव्या. सर्व यंत्रणा स्वच्छ धुवून नवें कुलंट शुद्ध केलेल्या पाण्यांत, गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या जातीचेंच, भरावें; निरनिराळ्या जाती एकत्र करूं नयेत. भरतांना हीटर पूर्ण ऊन बाजूस ठेवून आंतील हवा काढून टाकावी. गालिचा उचलून खालचा थर धुवून पूर्ण वाळवावा, नाहीं तर वास राहतो व पत्रा गंजतो. आणि सर्वांत मुख्य सूचना : इंजिन तापलेलें असतां रेडिएटरचें झांकण कोणींही, कितीही घाई असली तरी, उघडूं नये. दाब सुटतांच उकळतें पाणी तोंडावर उसळतें.

गोड विष

शेवटीं, ज्या कारणासाठीं हा लेख घरांतील स्त्रियांनींही वाचावा अशी आमची इच्छा आहे, तें सांगतों. एथिलिन ग्लायकॉल चवीस गोड आहे आणि विष आहे. शुद्ध स्वरूपांत सुमारें १०० मिलिलिटर, म्हणजे लहानसा पेलाभर, पोटांत गेल्यास धडधाकट माणूसही दगावूं शकतो. मुलास त्याहून फारच थोडें पुरतें. यकृतांत त्याचें रूपांतर होत जाऊन शेवटीं ऑक्झॅलिक आम्ल बनतें, आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडांत रुतून बसतात. प्रथम माणूस नशा केल्यासारखा दिसतो, पुढें वांत्या व धाप, आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडें बंद पडतात.

याच्याच कुळांतील डायएथिलिन ग्लायकॉलनें केलेले अनर्थ प्रसिद्ध आहेत. १९३७ सालीं अमेरिकेंत तें एका द्रव औषधांत वापरल्यामुळें शंभरावर माणसें मृत्यु पावलीं, व १९३८ सालीं तेथें औषधांचा नवा कायदा झाला. आपल्या मुंबईंतही १९८६ सालीं जे. जे. रुग्णालयांत त्याची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळें १४ रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें त्याची चौकशी केली. या द्रव्यांचा गोडवा कसा असतो हें त्या घटनांवरून ध्यानांत यावें.

म्हणून ओल्या गालिचावर रांगतें मूल ठेवूं नये. बोटें तोंडांत जाण्यास वेळ लागत नाहीं. सांडलेलें कुलंट रेती किंवा जुन्या फडक्यानें टिपून भरपूर पाण्यानें धुवावें. काढलेलें जुनें कुलंट अंगणांत वा गटारांत ओतूं नये. गल्लींतील कुत्रीं-मांजरें तें चाटतात व तडफडून मरतात. उरलेलें कुलंट सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलींत तर कधींच भरून ठेवूं नये. कोणाच्या पोटांत गेल्याचा संशयही आला तरी लक्षणांची वाट न पाहतां, घरगुती उपायांत वेळ न दवडतां, डबा बरोबर घेऊन रुग्णालय गांठावें. यावर उतारा आहे. पण तो जितका लौकर तितका गुणकारी.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या हातीं पाना कधींच आला नसेल, व येण्याची गरजही नाहीं. डॅशबोर्ड उतरविणें हें कारागिराचें काम आहे, आणि त्याच्या श्रमाचें मोल त्यास द्यावें. परंतु नाकानें वास घेणें, कागदानें ओल टिपणें, बाटलीवर रेघ ओढणें आणि आठ दिवस वहींत टिपून ठेवणें, हें तर कोणत्याही घरांत होण्यासारखें आहे. एवढें करून जो गॅरेजांत जातो, त्याच्याशीं कारागीरही निराळ्या आदरानें बोलतो. आपल्या गाडीच्या कुलंटची पातळी शेवटची कधीं पाहिली होती, हें वाचकांनीं आठवून पाहावें. आठवत नसेल तर उद्यां सकाळीं, इंजिन थंड असतां, बॉनेट उघडावें.